मास्तर एकटेच सगळं करायचे

तात्या, काल चावडीवर तुमचं कौतुक झालं आणि ते ऐकून मला, तुमच्या लेकीला, घास गेला नाही. तुम्हाला जाऊन सत्तावीस वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुमची आठवण काढायची गरज गावाला पडली नव्हती. काल पडली. आता इथं जे मास्तर आहेत ते आष्टीकडचे, वयानं तरुण, छातीनं जरा अधू. ते पाटलांपुढं उभं राहून सांगत होते की पोरं दीडशेच्या वर गेली, आम्ही दोघंच आहोत, तिसरा माणूस मागायचा आहे, तेव्हा अर्जावर गावानं सह्या-अंगठे द्यावेत. मी मारुतीला पाणी घालून परत निघाले होते. चावडीच्या भिंतीपाशी आले आणि पाटलांचा आवाज ऐकून थांबले. हे पाटील म्हणजे तुमच्या वेळच्या पाटलांचा मुलगा. "तिसरा कावून पायजे?" तो म्हणाला. "आमच्या लहानपनी एक मास्तर होते. एकटेच सगळं करायचे. शाळा करायचे, डाक करायचे, गावाचे कागद लिवायचे. कदी तोंडातून हूं न्हाई का चूं न्हाई. अन् तुमी दोघं असून रडता." सगळे हसले. कुणीतरी म्हणालं, "त्या मास्तरचं हाडच येगळं हुतं." त्या तरुण मास्तरांनी कागदाची घडी केली आणि खिशात घातली. एकही अंगठा उठला नाही. तात्या, तुमच्या नावानं त्या माणसाचं तोंड बंद केलं. तुम्ही असता तर तुम्हाला हे चाललं असतं का, ते मला माहीत नाही, आणि हे माहीत नसणं हेच मला जास्त लागतं.

तुमचं हाड वेगळं नव्हतं. मी धूत होते तुमची धोतरं, मला माहीत आहे. कमरेला सदा शेकाची फडकी, डाव्या खांद्याला तेल, आणि घसा असा बसलेला की घरात बोलायचं असलं तर तुम्ही ताटावर बोट वाजवायचे. एकदा वाजवलं की भाकरी, दोनदा वाजवलं की पाणी. चुलीपुढं तुम्ही कधी मांडी घालून जेवल्याचं मला आठवत नाही. उकिडवे बसता, येसराची आमटी भाकरीवर ओतून घेता, चार घास झाले की बाहेरून हाक येते. डाकेचा हरकारा आलेला असतो. तुम्ही हात धुता न धुता उठता, थैलीचं तोंड सोडता, पत्रं वेगळी करता, परत थैली आवळता, आणि तेवढ्यात देवळाच्या पडवीत, तिथंच तुमची शाळा भरायची, दोन पोरांची जुंपलेली असते. मी झाकलेलं ताट तिसऱ्या प्रहरी तसंच गायीपुढं ठेवते. हे एका दिवसाचं नाही. अकरा वर्षं तुम्ही या गावात मास्तर होता.

तुम्हाला नेमलं होतं शाळेसाठी. चार इयत्ता, एक माणूस, चौऱ्याहत्तर पोरं. तेवढंही एका माणसाला पेलणारं नव्हतं. मग केजहून हुकूम आला की डाक मास्तरांनी पाहावी, कारण मास्तर लिहिता-वाचता आहे आणि दिवसभर एका जागी असतो. मग पाटलांनी गावाचे कागद तुमच्याकडं दिले, कारण पाटलांना सहीपुरतंच लिहिता येत होतं. मग घराघराची माणसं मोजायची निघाली, तीही तुम्ही. मग ताप कुणाकुणाला आहे त्याची यादी, विहिरी किती त्याची यादी, शाळेपुढं झाडं लावा, लावलेली झाडं जगली का त्याचा तख्ता, म्हणजे रकान्यांचा कागद, भरा. दर महिन्याला सरकारात जायचे ते तख्ते उर्दूत, गावाचे कागद मोडीत, पोरांच्या पाट्या बाळबोधीत. एक उजवा हात तीन लिप्यांना पुरवत होता. आणि गाव काय म्हणायचं? "मास्तरला काय वो, सावलीत बसायचं काम."

त्यात बाया पत्रं लिहून घ्यायला यायच्या. त्यांच्यावर मी रागावत नाही, त्यांना दुसरं कोण होतं. पण एकीचं मला अजून आठवतं. तिचा नवरा बार्शीला जिनात कामाला गेला होता आणि वर्षभर फिरकला नव्हता. ती पडवीच्या पायरीवर बसली आणि म्हणाली, "लिवा मास्तर, म्हैस व्याली. लिवा, रेडकू झालंय. लिवा, तू न्हाई आला तरी चालंल, म्हशीचं मी बगते." तुम्ही म्हणालात, "बाई, वर्ग चालू आहे, दुपारी ये." ती हलली नाही. "लिवा की वो. तुमाला काय, हात चाललेलाच हाय." पोरं हसली, तुम्हीही हसलात, आणि लिहिलंत. मीही भिंतीआडून हसले. आज ते वाक्य आठवलं की हसू येत नाही. सगळ्यांनी तुम्हाला असंच वागवलं, केजच्या कचेरीपासून त्या बाईपर्यंत. हात चाललेलाच आहे, तर आणखी एक काम.

मी कपाळ पुसून माहेरी परत आले तेव्हा एकोणीस वर्षांची होते. आई त्याआधीच गेली होती. मला बाहेर दिसायचं नव्हतं, आणि घरात कामाला अंत नव्हता, त्यामुळं रडायला वेळ फार मिळाला नाही. ते रडणं पुढं सवडीनं, थोडं थोडं होत राहिलं. घराची मागची भिंत देवळाला लागून, मध्ये एक दार. तिसऱ्या प्रहरी पोरांच्या पाट्या तुम्ही त्या दारातून आत सरकवायचे आणि मी त्या ओल्या फडक्यानं पुसायची. प्रत्येक पाटीवर वर तुमची ओळ, खाली पोराची गिरवलेली. पुसायच्या आधी मी बघायची. बघता बघता मला अक्षरं यायला लागली. कोळशानं चुलीमागच्या भिंतीवर काढायची आणि पोतेरं फिरवायची. तुम्ही चौऱ्याहत्तर पोरांना शिकवत होता आणि पंच्याहत्तरावी भिंतीपलीकडं बसली होती, ते तुम्हाला दोन वर्षं कळलं नाही. कळलं तो दिवस मला आठवतो. मी एका पाटीवरची ओळ मोठ्यानं वाचली आणि तुम्ही दारात उभे. "कुठं शिकलीस?" "पाट्या पुसता पुसता." मला वाटलं, आता डोक्यावर हात ठेवतील. तुम्ही क्षणभर माझ्याकडं बघितलंत, आत गेलात, हजेरीचं बाड आणून माझ्यापुढं ठेवलंत आणि म्हणालात, "मग एवढी नावं उतरवून दे."

तेव्हा मला राग आला नव्हता. मी उतरवून दिली. मग दर महिन्याला उतरवून दिली, आणि पुढं तख्ते उतरवता उतरवता उर्दू अक्षरंही मला यायला लागली. मग शाई करायची माझ्याकडं आली, काजळ घोटायचं, डिंक भिजवायचा, बोरू तासायचे. मग एक दिवस पहिलीतली पोरं परसात पाठवलीत, "घटकाभर सांभाळ" म्हणून. शेवग्याच्या सावलीत तीसेक पोरं बसली. मी डाळ निवडत होते. ती कलकलाट करायला लागली म्हणून सुपातली डाळ बाजूला ठेवली, जमिनीवर धूळ पसरली आणि बोटानं काढायला लावलं. ती घटका चार वर्षं चालली. गाव म्हणायचं, पोरं मास्तरच्या घरी सोडलीत. शाळा कुणी म्हणालं नाही. काल चावडीवर "एकटेच सगळं करायचे" म्हणणारा पाटील, तात्या, सहा वर्षांचा असताना माझ्यासमोर धुळीत बसला होता. शेंबूड पुसायला माझाच पदर होता. त्याला ते आठवत नाही असं नाही. पण त्याच्या हिशेबी ते शिकवणं नव्हतं.

मदतनीस मिळावा म्हणून तुम्ही तीन दरखास्ती केल्या. दोन मी उतरवल्या, म्हणजे मदतनिसाचं मागणं मदत करणारीनंच लिहिलं. तिन्हींचा जवाब एकच, शाळा बघायला साहेब येतील तेव्हा परिस्थिती पाहून ठरवू. म्हणजे सगळं त्या एका दिवसावर होतं. साहेब यायचे ठरले तेव्हा तुम्ही नेहमीप्रमाणं तयारीला लागलात, पडवी सारवून घ्यायची, तख्ते पुरे करायचे, पोरांकडून पाढे घोकून घ्यायचे. मी चुलीपुढून म्हणाले, "तात्या, यावेळी काही करू नका."

"म्हणजे?"

"पहिलीतली पोरं परसात पाठवू नका. पडवीतच बसवा, तुमच्यासमोर. मी हजेरी उतरवत नाही, तख्त्यांना हात लावत नाही. एका माणसाच्यानं जेवढं होईल तेवढंच होऊ द्या. साहेबांना दिसू द्या."

तुम्ही संतापलात. इतकं मोठ्यानं तुम्ही माझ्याशी कधी बोलला नव्हतात, आणि घसा बसलेला, त्यामुळं ते अर्धं फुंकरीसारखंच निघालं. "अपुरं काम साहेबांपुढं ठेवायचं? चारचौघांत धोतर सोडून उभं राहायला सांगतेस मला. आणि तू घरात बसतेस, तुला शाळेतलं काय कळतं." मला शाळेतलं काय कळतं. माझ्या बोटांना तुमची शाई लागलेली होती, तात्या. भाकरी थापली, तव्यावर टाकली, उलटली नाही. ती जळाल्याचा वास घरभर झाला तेव्हा तुम्ही वळून बघितलंत. दुसऱ्या दिवशी सकाळी तोंड धुता धुता पाठमोरे म्हणालात, "बरं. तू म्हणतेस तसं. आठ दिवस."

ते आठ दिवस मी भिंतीआडून ऐकले. चौऱ्याहत्तर पोरं त्या एवढ्याशा पडवीत. एकीकडं पाढे, एकीकडं वाचन, मध्ये ती लहान पोरं रडतात, भांडतात, उठून माझ्या दाराशी येतात आणि दार वाजवतात. मी उघडत नाही. तुमचा आवाज तिसऱ्या दिवशी गेला. तुम्ही टाळ्या वाजवून शिकवत होता. डाक एक दिवस तशीच पडून राहिली आणि हरकारा म्हणाला, "मास्तर, म्हातारं झालात की काय आठ दिवसात?" हजेरीच्या बाडात खाडाखोड, दुसरीतली नावं तिसरीत, एका पानावर शाई सांडलेली. हेच व्हायला हवं होतं. हेच खरं होतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती शाळा जशी होती तशी दिसत होती, आणि तुम्ही, ज्यांना पाटीवरची रेघ वाकडी गेलेली खपायची नाही, ते मान खाली घालून ते सहन करत होता. एवढं तुम्ही माझ्या शब्दावर केलंत. मी ते विसरलेली नाही.

साहेब यायच्या आदल्या दिवशी दुपारी तुम्ही गाडी घेऊन त्यांना आणायला केजच्या वाटेवर गेलात. पोरांना सुटी होती. मी पडवी झाडायला गेले तर चौरंगावर ते बाड उघडं होतं. मी कोरं बाड आणलं, बोरू तासला आणि तीन महिन्यांची हजेरी बसून उतरवून काढली. एकही नाव खोडलं नाही. दिवस मावळायच्या आत वाळवून ते चौरंगावर ठेवलं आणि शाई सांडलेलं जुनं बाड कणगीमागं टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी दाराच्या फटीतून बघते आहे. पाटलांच्या घरून खुर्ची आणली आहे. साहेब वयस्कर, स्वभावानं वाईट नाहीत, पोरांनी सलाम केला की प्रत्येकाला मान हलवतात. लहान पोरांना विचारतात, आणि ती घडाघडा सांगतात, कारण परसात शिकलेलं आठ दिवसांत कुठं जाणार. मग साहेब बाड मागतात. तुम्ही ते उघडता आणि थबकता. मला तुमची पाठ दिसते, तोंड दिसत नाही. साहेब चष्मा शेरवानीच्या टोकाला पुसतात, पानं उलटतात, एक, दोन, पाच. "ये किसका खत है, मास्तर? बहोत साफ है." अक्षर कुणाचं, म्हणून विचारतात. तुम्ही म्हणता, "जी, मेराच."

शेरा त्यांनी तिथंच लिहिला. तुम्ही तो मला वाचून दाखवला नाहीत, मी नंतर स्वतः वाचला. एकटा मुदर्रिस, म्हणजे मास्तर, असूनही चारही इयत्ता उत्तम, कागद स्वच्छ, सबब मदतनीसाची गरज नाही. गरज नाही, हे शब्द डाव्या हाताला किंचित उतरते, घाईत लिहिलेले. साहेबांना पुढच्या गावी जायचं होतं.

तुम्ही मला रागावला नाहीत. जेवायला बसलात तेव्हा फक्त विचारलंत, "कावून केलंस?" गावचा शब्द वापरलात, जसा तुम्ही कधी वापरायचे नाही. मी म्हणाले, "तुमची लाज जाऊ नये म्हणून." तुम्ही भाकरीचा तुकडा मोडलात. मग म्हणालात, "पोरीनं बापाची लाज राखली." आणि त्यानंतर चौथी दरखास्त तुम्ही केली नाहीत. बीडला कामासाठी गेलात तेव्हा माझ्यासाठी एक पितळेची दौत आणलीत. माझी म्हणून घरात आलेली ती पहिली वस्तू. मी त्या दौतीतून तुमची आणखी दीड वर्षं हजेरी उतरवली.

मग ती दुपार. परसातल्या वर्गातली एक लहान मुलगी पाणी प्यायला पडवीत गेली आणि परत येऊन म्हणाली, "बाई, मास्तर झोपलेत." मी म्हणाले, झोपू दे. तुम्ही अधूनमधून भिंतीला टेकून डुलकी काढायचे, ते सगळ्यांना ठाऊक होतं. ती थोड्या वेळानं पुन्हा म्हणाली, "बाई, पोरं लई गप बसल्यात." मी दार उघडून गेले. चाळीसेक पोरं चूपचाप बसलेली, कुणी पाटीवर पेन्सिलही फिरवत नव्हतं, तुमची झोप मोडू नये म्हणून. तुमच्या मांडीवर तापाच्या माणसांची यादी होती. ती पोरं किती वेळ तशी बसली होती कोण जाणे. अकरा वर्षांत तुम्हाला एवढा निवांतपणा त्या पोरांनी दिला, आणि तो तेव्हा दिला.

तेराव्याच्या आत केजहून कागद आला. तुमच्या नावानं. मागच्या महिन्याचा तख्ता वेळेवर का आला नाही त्याचा जवाब द्यावा. मी तो वाचला आणि चुलीत घातला, आणि त्याबद्दल मला आजही काही वाटत नाही. तुमच्या जागी जे मास्तर आले ते धाराशिवकडचे, आडदांड, मिशीवाले. त्यांनी पहिल्याच महिन्यात डाकेची थैली पाटलांच्या दारात नेऊन टाकली. "मी शाळेचा मास्तर हाय, हमाल न्हाई." तख्ते अर्धे, झाडं वाळलेली, पहिलीतली पोरं गावभर. साहेब पुन्हा आले, त्यांनी ते सगळं पाहिलं, आणि तीन महिन्यांत त्यांच्या जोडीला दुसरा मास्तर आला. तुम्ही अकरा वर्षं काम करून जे मिळवलं नाहीत ते त्या माणसानं काम न करून मिळवलं. त्या दिवशी मी दार लावून घेतलं आणि तुमच्यावर रडले नाही, चिडले. अजून चिडलेली आहे. तुम्ही एकदा तरी थैली टाकायला हवी होती. एक काम नीट पुरं केलं की मागणारा थांबेल असं तुम्हाला शेवटपर्यंत वाटत राहिलं. तो थांबत नाही, तात्या. पुरं झालेलं काम बघूनच तो दुसरं घेऊन येतो.

म्हणून मी ठरवलं आहे. उद्या सकाळी चावडीवर जाणार. आता या वयात मला अडवणार कोण, आणि अडवलंच तर पायरीवरून बोलेन. पाटलांना सांगणार की तुमचे मास्तर एकटे नव्हते. पहिली मी शिकवली, हजेरी मी लिहिली, आणि दोघं मिळूनही ते काम आम्हाला उरकलं नाही, एक माणूस त्यात गेला. तेव्हा या मास्तरांच्या अर्जावर अंगठा द्या. पहिला अंगठा तुम्ही द्या, कारण धुळीत तुमचं बोट धरून फिरवलेलं आहे मी. मी अंगठा देणार नाही. सही करणार. तुमचं नाव त्यानं थोडं कमी होईल. होऊ दे. एका जित्या माणसाच्या छातीपेक्षा ते मोठं नाही, आणि हे तुम्हालाही पटेल असं मी धरून चालते.

हे पत्र कुणाला द्यायचं नाही, तेव्हा राहिलेलं तेवढं लिहून टाकते. ते बाड मी तुमच्या लाजेसाठी उतरवलं नव्हतं. तुमची लाज त्या दुपारी माझ्या मनातही नव्हती. चार वर्षं मी लिहीत होते आणि ते माझं आहे हे तुमच्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हतं. हैदराबादेकडचा एक शिकलेला माणूस उद्या येणार आणि माझी पानं उलटणार, एवढंच मला दिसत होतं. शेऱ्याचं काय होईल हे मला कळत होतं. तरी उतरवलं. साहेब "बहोत साफ है" म्हणाले तेव्हा मी फटीला डोळा लावून हसत होते, आणि तुमची पाठ माझ्यासमोर होती. चावडीवर बाकी सगळं सांगेन. हे सांगणार नाही.